परभणीच्या दोन माता, एक वकील आणि आपलं मत

जुलैचे शेवटचे दहा दिवस आपल्या घराघरांत बातम्या बघण्यात गेले. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. एकोणीस वर्षांनी. त्यातला एक जण तर निकाल ऐकायला हयातही नव्हता. ३१ तारखेला मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी सुटले आणि सहा मयतांच्या घरचे "मग आमच्या माणसांना मारलं कोणी?" हा प्रश्न घेऊन घरी गेले. या दोन निकालांवर मशिदीबाहेर, हॉटेलात, व्हॉट्सॲपवर इतकं बोलणं झालं की मधली ३० जुलैची बातमी आपल्या मोहल्ल्यांत कोणी धड वाचलीच नाही.

बातमी परभणीची होती. १० डिसेंबर २०२४ ला तिथे डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ आणि मग पोलिसांची धरपकड. त्यात सोमनाथ सूर्यवंशी नावाचा ३५ वर्षांचा वडार समाजाचा मुलगा उचलला गेला. तो कायद्याचं शिक्षण घेत होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. आधी आजारपणाचं कारण पुढे आलं. शवविच्छेदनात मात्र अंगावर अनेक जखमा असल्याचं निघालं आणि मॅजिस्ट्रेटच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरीही गुन्हा काही नोंदवला जाईना. शेवटी ४ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. ३० जुलैला सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील फेटाळलं.

औरंगाबादच्या कोर्टात सोमनाथच्या आईच्या, विजयाबाईंच्या बाजूने उभा राहिलेला वकील म्हणजे ॲड. प्रकाश आंबेडकर. आपल्या वऱ्हाडातले बाळासाहेब. एका पक्षाचा अध्यक्ष, तीनदा खासदार राहिलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस काळा कोट घालून एका गरीब बाईच्या केसमध्ये स्वतः युक्तिवाद करतो, हे आजकालच्या सियासतमध्ये कमी दिसतं. बहुतेक वकील-नेते निवडून आले की कोट खुंटीला टांगतात.

परभणीचं नाव ऐकलं की आपल्या पिढीला दुसरंच नाव आठवतं. ख्वाजा युनूस. तोही परभणीचाच. २७ वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर स्फोटाच्या तपासात त्याला धरलं. जानेवारी २००३ मध्ये पोलीस म्हणाले, नेताना जीपला अपघात झाला आणि तो पळून गेला. सहआरोपीने कोर्टात सांगितलं, त्याला कोठडीत मारताना मी पाहिलंय. सीआयडीच्या तपासात तो पळाला नव्हता, कोठडीतच मेला होता, असं निघालं. मय्यत आजपर्यंत मिळाली नाही. जनाजा नाही, कबर नाही. त्याच खटल्यातले बाकीचे आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. म्हणजे युनूस जिवंत असता तर कदाचित तोही सुटला असता. त्याची अम्मी आसिया बेगम कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. खटल्यातले चार पोलीस निलंबित झाले होते, २०२० मध्ये त्यांना परत नोकरीत घेतलं. त्यात सचिन वाझेही होते. खटला अजून संपलेला नाही.

एकाच गावच्या दोन माता. एकीचा मुलगा दलित-बहुजनांतला, एकीचा मुसलमान. एकीला सात महिन्यांत गुन्हा नोंदवून घेण्यापर्यंत पोचता आलं, दुसरीची बावीस वर्षं गेली. फरक सगळा वकिलामुळे पडला असं मी म्हणणार नाही. काळ वेगळा, आरोप वेगळे, आणि दहशतवादाचा शिक्का एकदा बसला की कोर्टातली हवाही बदलते. पण एक फरक उघड आहे. विजयाबाईंच्या मागे वकिलाबरोबर एक पक्ष, एक रस्त्यावर उतरणारा समाज होता. आसिया बेगमांच्या मागे काही भले वकील होते आणि आपण लांबून दुआ करत होतो.

म्हणून या माणसाकडे जरा नीट बघावंसं वाटलं. आपल्या वाशिमच्या माणसाला तर बघायलाच पाहिजे. १ जुलै १९९८ ला वाशिम वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आपण अकोल्यातच होतो. आजही रिसोड विधानसभा अकोला लोकसभेत आहे. कारंजा आणि वाशिम तेवढे यवतमाळकडे गेले.

प्रकाश आंबेडकरांचा जन्म १० मे १९५४ चा, मुंबईचा. बाबासाहेबांचे नातू, भय्यासाहेबांचे चिरंजीव. मुंबईतच सिद्धार्थ कॉलेजातून वकिली शिकले. पण राजकारणासाठी त्यांनी मुंबई-पुणे सोडून अकोला धरलं. १९९० मध्ये, व्ही. पी. सिंगांच्या सरकारच्या काळात, राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमलं. अकोल्यात त्यांनी जे केलं त्याला लोक 'अकोला पॅटर्न' म्हणतात. बौद्धांच्या मतांना माळी, धनगर, बंजारा, कोळी अशा लहान-मोठ्या ओबीसी जातींची जोड द्यायची आणि उमेदवारी त्यांनाच द्यायची. रिपब्लिकन पक्षाची सगळी भांडणं बाजूला ठेवून हा एक नवा हिशेब होता. १९९८ ला अकोला या खुल्या मतदारसंघातून ते लोकसभेत गेले. त्या वर्षी काँग्रेसच्या साथीने रिपब्लिकनांचे चार खासदार खुल्या जागांवरून निवडून आले होते: अकोल्यातून आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवले. १९९९ मध्ये आंबेडकर परत जिंकले, भारिप बहुजन महासंघाकडून. त्याच वर्षी पक्षाचे तीन आमदार आले आणि बंजारा समाजाचे मखराम पवार राज्यात मंत्री झाले. आमच्या मानोरा-पोहरादेवी भागातले म्हातारे बंजारा शेतकरी ते दिवस अजून सांगतात.

त्यानंतर पंचवीस वर्षं झाली. लोकसभेत बाळासाहेब परत गेले नाहीत. २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४, पाचही वेळा अकोल्यातून हरले.

इथेच आपल्या हॉटेलातली चर्चा सुरू होते. गेल्या जुम्याला नमाजनंतर चहा घेत होतो. वाहेद चाचा (नाव बदललंय, नाहीतर उद्या घरी येतील) म्हणाले, "सर, वंचितले मत देणं म्हंजे भाजपाले मत देणं. हे तं लहान पोराले बी समजते." शेजारी बसलेला एक माजी विद्यार्थी म्हणाला, "चाचा, मंग काँग्रेसनं आपल्याले काय देल्लं?" आणि झालं सुरू.

मी निवडणुकीत ड्यूटी करणारा माणूस, कोणाच्या पक्षाचा नाही. पण आकडे पाहायची सवय आहे, ते सांगतो. २०१४ ला अकोल्यात भाजपचे संजय धोत्रे यांना ४ लाख ५६ हजार मतं, काँग्रेसचे हिदायत पटेल यांना २ लाख ५३ हजार, आंबेडकरांना २ लाख ३८ हजार. दोघांची बेरीज धोत्रेंच्या वर जाते. २०१९ ला धोत्रे साडेपाच लाखांच्या पुढे गेले, ५ लाख ५४ हजार. आंबेडकर २ लाख ७८ हजार, हिदायत पटेल २ लाख ५४ हजार. आता बेरीज करा. दोघं एक झाले असते तरी साधारण एकवीस हजारांनी कमीच पडले असते. २०२४ ला अनुप धोत्रे ४ लाख ५७ हजार, काँग्रेसचे डॉ. अभय पाटील ४ लाख १६ हजार, आंबेडकर २ लाख ७६ हजार. हार चाळीस हजारांची.

म्हणजे चाचांचं म्हणणं २०१४ आणि २०२४ ला कागदावर तरी खरं, २०१९ ला कागदावरही खोटं. आणि एक गंमत बघा. २०१९ ला दुसऱ्या नंबरवर आंबेडकर होते, तिसऱ्यावर काँग्रेसचा मुसलमान उमेदवार. 'मतं खाणारा' हाच शब्द लावायचा तर त्या वर्षी तो कोणाला लावायला पाहिजे होता? आपल्यापैकी कोणी लावला नाही, कारण तो उमेदवार आपला होता. मुसलमान मत एका बाजूला, बौद्ध मत दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडचे लोक दुसऱ्याला म्हणतात, तू फोडलंस.

शिवाय बेरीज करताना आपण धरून चालतो की मत हे पोत्यातलं सोयाबीन आहे, या गाडीतून काढून त्या गाडीत टाकलं की झालं. तसं होत नाही. काँग्रेसचा मराठा मतदार आंबेडकरांना सहज मत देत नाही आणि वंचितचा धनगर मतदार काँग्रेसला देईलच असं नाही.

पण बाळासाहेबांच्या बाजूने सगळं सांगून मोकळं होता येत नाही. मार्च २०१८ मध्ये वंचित बहुजन आघाडीची घोषणा झाली, त्याआधी ३ जानेवारीच्या भीमा कोरेगाव बंदने राज्यभर त्यांचं वजन वाढलं होतं. मग एमआयएमशी युती झाली. २ ऑक्टोबर २०१८ ला औरंगाबादला मोठी सभा झाली. निळा आणि हिरवा झेंडा एका मंडपात बघून आपल्याकडच्या तरुणांच्या अंगावर काटा आला होता, हे मला आठवतं. २०१९ ला इम्तियाज जलील औरंगाबादेत ४,४९२ मतांनी जिंकले. राज्यात आघाडीला सात टक्क्यांच्या आसपास मतं पडली. आणि पुढे? सप्टेंबरमध्ये जागावाटपावरून युती तुटली. निकालानंतर चार महिनेही टिकली नाही. विधानसभेला एमआयएमचे दोन आमदार आले, वंचितचा एकही नाही.

त्याच २०१९ मध्ये नांदेडला अशोक चव्हाण चाळीस हजारांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजार मतं होती. त्यावरून आपल्याला पुष्कळ टोमणे ऐकावे लागले. ज्यांच्यासाठी टोमणे ऐकले ते चव्हाणसाहेब फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले, हा भाग वेगळा.

२३ जानेवारी २०२३ ला उद्धव ठाकरेंशी युती. मार्च २०२४ पर्यंत तीही संपली. महाविकास आघाडीशी बोलणी, पत्रं, अटी, परत पत्रं, आणि शेवटी वेगळी चूल. २०२४ च्या विधानसभेत वंचितचा पुन्हा एकही आमदार नाही. त्याच निवडणुकीत शेजारच्या अकोला पश्चिममध्ये काँग्रेसचे साजिद खान पठाण १,२८३ मतांनी निवडून आले. इतक्या बारीक फरकाच्या काळात आपण आहोत.

मला वाटतं याची मुळं त्यांच्या वकिलीतच आहेत. वकील एकेका कलमावर अडून बसतो. परभणीच्या केसमध्ये त्यांनी तेच केलं. कोठडीत मृत्यू झाला की मॅजिस्ट्रेट चौकशी करतो, अहवाल देतो, पण त्या अहवालानंतर पुढे नेमकं कोणी काय करायचं हे कायद्यात स्पष्ट नाही, हा मुद्दा त्यांनी पकडला आणि सोडला नाही. कोर्टात असा माणूस पाहिजे. युतीच्या टेबलावर मात्र शब्दाशब्दावर अडणारा माणूस समोरच्याला नको होतो. तिथे अर्धं मिळालं तर घेऊन उठायचं असतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. आफ्रिकेत टांझानिया नावाचा देश आहे. तिथले तुंडू लिस्सू असेच वकील. खाणींमुळे उठवलेल्या लोकांच्या केसेस लढवत ते राजकारणात आले, २०१० मध्ये खासदार झाले, पुढे देशाच्या वकील संघटनेचे अध्यक्ष झाले. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, सोळा लागल्या. नैरोबी, मग बेल्जियम असे उपचार घेत जगले, २०२० मध्ये परत येऊन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले आणि हरले. जानेवारी २०२५ मध्ये ते आपल्या चाडेमा पक्षाचे अध्यक्ष झाले. त्यांचं म्हणणं, आधी निवडणुकीचे नियम सुधारा, मग निवडणूक. एप्रिलमध्ये त्यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं. पक्षाने निवडणुकीच्या आचारसंहितेवर सही केली नाही म्हणून आयोगाने पक्षालाच निवडणुकीबाहेर काढलं. २०२५ मध्ये लिस्सू कोर्टात स्वतःची वकिली स्वतःच करत होते. मुद्दा त्यांचा बरोबर असेल, पण मतपत्रिकेवर त्यांचा पक्ष नव्हता.

आपली हालत टांझानियासारखी नाही, अल्हम्दुलिल्लाह. इथे विरोधी पक्षाचा वकील सरकारला सुप्रीम कोर्टात हरवू शकतो. हरतोही. विधानसभेला संध्याकाळी सहानंतर पडलेल्या मतांबद्दलची याचिका आंबेडकरांनीच मुंबई हायकोर्टात मांडली होती, ती २५ जूनला फेटाळली गेली.

आता आपल्याशी त्यांचं नातं. त्यांनी मुसलमानांचे प्रश्न टाळले असं कोणी म्हणू शकणार नाही. सीएए-एनआरसीविरुद्ध २६ डिसेंबर २०१९ ला दादरला धरणं दिलं, २४ जानेवारी २०२० ला महाराष्ट्र बंद केला. त्या दिवसांत मोठे मोठे सेक्युलर नेते दोन ओळींचं निवेदन काढून बसले होते. २०२१ मध्ये हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम आणि इतर धर्मांच्या महापुरुषांच्या बदनामीविरुद्ध कायदा करा, अशी मागणी घेऊन ते रझा अकादमीबरोबर उभे राहिले. १७ जून २०२३ ला ते खुलताबादला औरंगजेबाच्या मजारीवर गेले. इथे माझं मत वेगळं आहे. महिनाभरापूर्वीच अकोल्यात दंगल होऊन एकाचा जीव गेला होता. कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली होती. अशा वेळी नेता मजारीवर जाऊन फोटो काढून निघून जातो, आणि वर्गातल्या आपल्या मुलांना मात्र दुसऱ्या दिवशी "तुमचा औरंग्या" ऐकावं लागतं. माझ्या वर्गात ऐकावं लागलं. त्या भेटीने युनूससारख्या एकाही मुलाचं काही भलं झालं नाही. परभणीच्या याचिकेने होऊ शकतं, कारण कोठडीतल्या मृत्यूनंतर काय करायचं हे एकदा ठरलं की ते सूर्यवंशीला लागू होईल तसं शेखला आणि पठाणलाही लागू होईल.

उमेदवारीचंही बघू. २०१४ ला भारिपने आपल्या कारंज्यात युसूफ पुंजानी यांना तिकीट दिलं होतं. ते दुसऱ्या नंबरवर राहिले, थोडक्या मतांनी हरले. तिथे बौद्ध, बंजारा आणि मुसलमान मत जवळजवळ एका पेटीत पडलं होतं. पण तो धागा पुढे कोणी धरला नाही. पुंजानी नंतर दुसऱ्या पक्षांकडून लढले. चूक कोणाची, हा वाद कारंज्याच्या चौकात अजून संपत नाही. मला दोन्हीकडची वाटते. पक्षाने आपल्या माणसाला निवडणुकीपुरतं जवळ केलं, आणि आपण पक्षाला आपला उमेदवार असेपर्यंतच आपलं मानलं.

जुना इतिहास काढला तर नातं याहून खोल आहे. १९२७ मध्ये महाडला सत्याग्रहाच्या परिषदेसाठी बाबासाहेबांना कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जागा दिली. हे मी दर १४ एप्रिलला मुलांना सांगतो. मुलं विचारतात, सर, हे पुस्तकात का नाही?

सुप्रीम कोर्टाच्या ६ मे २०२५ च्या आदेशामुळे जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगर परिषदांच्या रखडलेल्या निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. त्या रखडल्या का, त्याची एक सुरुवातही आपल्याच दारात झाली होती. ४ मार्च २०२१ चा ओबीसी आरक्षणाचा निकाल वाशिम, अकोला, नागपूर, भंडारा, गोंदिया याच जिल्हा परिषदांबद्दल होता. कोर्टातला एक कागद आपल्या गावचा सरपंच-सभापती ठरवतो, हे वाशिमकरांनी इतरांच्या आधी पाहिलंय. तरी आपल्या समाजात वकील किती? दहावीनंतर विचारलं की मुलगा म्हणतो आयटीआय, मुलगी म्हणते डीएड नाहीतर नर्सिंग. चांगलंच आहे. एलएलबी म्हणणारं वर्षाला एखादं. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एका स्टेटसवरून शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्याला रात्री उचललं होतं. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी सगळ्या पक्षांच्या नेत्यांना फोन लावले. कोणाचा बंद, कोणी "सकाळी बघतो" म्हणालं. पहाटे दोनला शेजारच्या तालुक्यातून एक तरुण बौद्ध वकील मोटारसायकलवर आला, फी न घेता. तो वंचितचा नव्हता, कोणत्याच पक्षाचा नव्हता. आला, एवढंच.

त्या जुम्याला हॉटेलात चाचांनी शेवटी वैतागून विचारलं, "मंग सर, कोणाले द्याचं ते सांगा ना सिधं."

म्हटलं, चाचा, अजून ठरवलं नाही. जो उमेदवार दारात येईल, काँग्रेसचा असो, वंचितचा असो, पतंगवाला असो, त्याला एकच विचारणार आहे: रात्री अकरा वाजता पोराला ठाण्यात नेलं तर तुमच्याकडून वकीलपत्र घेऊन कोण येईल, त्याचं नाव आणि मोबाईल नंबर इथंच लिहून द्या.

चाचा हसले. म्हणाले, "असं इचारलं तं सर, तुमच्या घरी कोणी चहा प्याले बी येणार नाही."